एकोणीस फ्रेम उशिरा

प्रयोगशाळेतल्या तरुण इंजिनिअर प्रणालीनं संगणकाचा पडदा दयाराम घरतकडं वळवला तेव्हा त्याच्या हातात चहाचा कागदी कप होता, आणि पुढचा अर्धा तास तो कप तसाच हातात राहिला. पडद्यावर ठिपके होते. निळे ठिपके यंत्राचे, तांबडे ठिपके त्याचे. सुरुवातीला कितीतरी अंतर तांबडा ठिपका निळ्यावर असा बसला होता की खाली निळा आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळू नये. मग एका जागेपासून तांबडे सगळेच्या सगळे वर सरकले होते आणि पुन्हा खाली आलेच नव्हते. "काका, इथून," प्रणाली म्हणाली आणि तिनं पेनाच्या टोकानं जागा दाखवली. "चोवीस नोव्हेंबर. त्याच्या आधी तुमचं मार्किंग एकदम परफेक्ट. त्याच्यानंतरचा प्रत्येक कण लेट. सरासरी एकोणीस फ्रेम." मुलगी भली होती, बोलताना समोरच्याचं तोंड बघायची. "मला वाटलं नवीन प्रोग्रामचीच चूक असेल. म्हणून मी पन्नास क्लिप स्वतः बसून चेक केल्या. प्रोग्राम बरोबर आहे." दयाराम म्हणाला, "बरं." चोवीस नोव्हेंबरला काय होतं हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. बायकोचं तेरावं उरकून तो ज्या दिवशी कामावर परत आला, तो दिवस. काहीतरी वाटायला हवं होतं, भीती किंवा लाज, निदान नवल तरी. तो वाट बघत राहिला. काही वाटलं नाही. चहावर साय धरली होती, ती मात्र त्याला दिसली.

पनवेलबाहेर गोदामांच्या रांगेमागं ही प्रयोगशाळा. तिच्यात दोन मजले उंच पोलादी नळ उभा, त्याला जाड काचेच्या खिडक्या, आत खारं पाणी, चार अंशांवर थंड केलेलं आणि खोल समुद्राच्या तळाशी असतं तसं दाबाखाली कोंडलेलं. तळातून पांढरे कण सोडायचे. बघणाऱ्याला वाटतं बर्फ आहे, पण तो बर्फ नव्हे. पाण्यानंच आपल्या पोटात कोंडून धरलेला गॅस तो, काडी लावली तर हातावर जळेल. कण पाण्याहून हलका, म्हणून तो वर निघतो. वर जाईल तसा दाब कमी होतो, ऊब वाढते आणि कण कडेकडेनं सुटू लागतो. अंगातून बारीक बुडबुडे निघतात, एखादा अंगाला चिकटून राहिला तर कण कलतो, गिरकी घेतो, जोरानं वर ओढला जातो, पुन्हा मंदावतो. लहान होत होत शेवटी कण उरतच नाही, नुसता बुडबुडा उरतो. आणि गंमत अशी की बुडबुडा त्याच वाटेनं, त्याच चालीनं वर जातच राहतो, जणू काही झालंच नाही. तर कण नेमका कुठं संपला ते सांगायचं, हे दयारामचं काम. चित्रफीत हळू चालवायची आणि जिथं आता कण नाही असं दिसेल तिथं बटण दाबायचं. एवढ्यावरून पुढचं मोठं गणित मांडलं जायचं: उद्या समुद्राच्या तळातला हा गॅस काढायला कुणी गेलं आणि कण सुटले, तर ते किती वर येतील, गॅस पाण्यातच मुरेल की हवेत जाईल. इथं नळातली चार बोटांची चूक तिकडं समुद्रात कितीतरी पुरुष उंचीची होते, असं प्रणाली सांगायची.

हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उरणकडं त्याच्या बापाचं मिठागर होतं, आणि पोरवयात बाप त्याला उन्हाच्या आत उठवून बांधावर बसवायचा. वाफ्यातलं पाणी जड झालं की त्यावर मिठाचा पहिला दाणा धरतो. तो दाणा दिसणं महत्त्वाचं, कारण त्यावरून पुढचं सगळं ठरतं. दयारामला तो बापाच्या आधी दिसायचा. बाप बोलायचा काही नाही, नुसता 'हं' करायचा. पण तो 'हं' पोराला जिलबीसारखा वाटायचा. पुढं बंदर आलं, आगर गेलं, मिठाचं पाणी कंटेनरखाली बुजलं आणि दयाराम ठेकेदाराच्या हाताखाली सिलिंडर उचलायला या प्रयोगशाळेत लागला. एक दिवस काचेशी उभा राहून तो एका इंजिनिअरला म्हणाला होता, "साहेब, तो कण न्हाय. तो कवाच गेला, हा बुडबुडा हाय." त्या वाक्यानं त्याला खुर्ची मिळाली. तेव्हाच्या यंत्राला कण आणि बुडबुडा यांतला फरक कळत नव्हता, दयारामला कळत होता. कण मळकट पांढरा, कडेला बोथट. बुडबुड्याची कड लखलखीत. घरी बायकोला, गोदूला, त्यानं हे सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "म्हंजे तुमाला पगार कशाचा, तर मेला का जिता सांगायचा?" गोदू असंच बोलायची. हसून बोलायची आणि नेमकं बोलायची.

कप अजून हातातच होता तेव्हा रुचिताचा फोन आला. रुचिता त्याची एकुलती मुलगी, चौलला दिलेली. एरवी ती फोन करायची तो आठवड्यातून एकदा, कर्तव्य उरकावं तसा. जेवलास का, गोळ्या घेतल्यास का, ठेवते. आज तिचा आवाज चढलेला होता. "बाबा, अण्णांचं काय खरं न्हाय. कालपासून घास घेत न्हायत. डॉक्टर बोलला घरीच ठेवा." अण्णा म्हणजे तिचे सासरे बुधाजी. दयारामनं विचारलं, सुजितला कळवलंस का. सुजित तिचा नवरा, बुधाजींचा एकटा मुलगा, गुजरातेत एका बंदरावर क्रेन चालवायचा. "कळवलं ना. त्याची शिप लागलीय, शनिवारी सुटतो. आत्ता आला तर नोकरीचा लफडा व्हईल. मीच सांगितलं, शनिवारी ये, घाबरू नको, अण्णा तुझ्यासाठी थांबतील." मग तिचा आवाज मऊ झाला. "आई न्हाय का थांबली माझ्यासाठी? माणूस थांबतं, बाबा." बुधवार होता. दयाराम म्हणाला, "बरं." फोन ठेवल्यावर त्यानं कप टेबलावर ठेवला आणि कपाला धरलेली बोटं एकेक करून सरळ केली.

गोदू थांबली नव्हती. हे जगात एकट्या दयारामला माहीत होतं, आणि गेले अकरा महिने ते त्यानं पोटात ठेवलं होतं, इतकं नीट की कधी कधी त्याला स्वतःलाही ते आठवावं लागायचं. अकरा नोव्हेंबर. इस्पितळानं आठ दिवसांपूर्वीच घरी न्या म्हणून सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत खाट, ओटीवर शेजारच्या बायका, त्यांत मैना सगळ्यांत पुढं, कारण गावात कुणाचंही काही असलं की मैना पुढं. सकाळी गोदूनं डोळे फिरवले तेव्हा रुचिताला फोन गेला आणि ती चौलवरून निघाली. गोदूच्या घशाला कोरड पडली होती. मैनेनं गंगेच्या पाण्याचा गडू आणि तुळशीचं पान आणून ठेवलं, पण सगळ्या म्हणाल्या, लेकीच्या हातचं पाणी जाऊ दे, एकच लेक हाय, ती येतेय. शेवटचं पाणी पोटच्या पोराच्या हातचं जावं, आणि ते जीव असताना जावं, मागून ओतलेलं पाणी ते पाणी नव्हे, असं त्या सगळ्यांनी आपापल्या घरी पाळलेलं. म्हणून सगळे रुचिताची वाट बघत बसले. तीन वाजून दहा मिनिटांनी गोदूचा श्वास आत गेला, बाहेर आला, आणि पुढचा आला नाही. दयाराम बघतच होता. मिठाचा दाणा बघणारा, कण बघणारा माणूस तो, त्याला दुसऱ्यांदा बघायची गरज पडली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं त्याचे डोळे आपोआप गेले. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि खिशातला फोन वाजला. रुचिता वडखळ नाक्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकली होती. "बाबा, आई हाय ना?" मागं हॉर्न वाजत होते. दयाराम म्हणाला, "हाय. ये तू."

त्यानं हे ठरवून केलं नव्हतं. पण एकदा म्हटल्यावर ते निभावणं आलं. आता ओटीवरच्या बायकांना सांगितलं तर त्या हंबरडा फोडणार, आणि रुचिता गल्लीच्या तोंडाशी उतरेल तेव्हा तिला ते आधी कानावर पडणार. म्हणून त्यानं गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. मैना दोनदा डोकावली. "कशी हाय?" "झोपलीय." चाळीस मिनिटं असं चाललं. तीन पन्नासला रुचिता आली, चप्पल घालूनच आत धावली, कुणीतरी तिच्या हातात चमचा दिला. पाणी ओठांतून आत गेलं आणि तिथंच राहिलं, थोडं कडेनं ओघळलं, ते तिनं ओढणीनं टिपलं आणि "आई, मी आले," असं तीनदा म्हणाली. मग मैनेनं नाकाशी बोट धरलं आणि आकाश फाटल्यागत ओरडली. गेली! लेकीच्या हातचं पाणी घेतलं आणि गेली! त्या क्षणापासून ते खरं झालं. पाचव्या दिवसापर्यंत त्यात भर पडली की गोदूनं डोळे उघडून लेकीकडं पाहिलं. दहाव्याला पिंडाला कावळा पटकन शिवला तेव्हा बायका म्हणाल्या, शिवणारच, तिची काही इच्छाच राहिली नाही. कावळाही फसला, असं दयारामच्या मनात आलं होतं. गावाच्या तोंडाला झाकण कोण घालणार, आणि कशासाठी घालायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. रुचिता त्या गोष्टीवर उभी होती. आई गेली, पण माझ्या हातचं पाणी घेऊन गेली, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर जी ऊब यायची ती बघून दयाराम आणखी गप्प व्हायचा.

त्याचं स्वतःचं मात्र काहीतरी हुकलं. माणूस जातं तेव्हा रडू येतं, ते त्यालाही आलं होतं, तीन वाजून दहा मिनिटांनी, घशापर्यंत. पण आवाज ओटीवर गेला असता म्हणून त्यानं ते गिळलं. चाळीस मिनिटांनी घर रडायला लागलं तेव्हा त्यानं घशात चाचपून पाहिलं, तिथं काही नव्हतं. चितेशी नाही, दहाव्याला नाही, गोदूच्या पाटल्या आणि मंगळसूत्र रुचिताच्या हातात देताना नाही. आपलं रडू आपल्याला टाळून पुढं गेलं असं त्याला वाटायचं, आणि वाटायचं म्हणजे तेही दुरून. जेवणाची चव कळायची, पण हवं-नको कळायचं नाही. अंघोळीचं पाणी कडकडीत आहे हे कातडी लाल झाल्यावर दिसायचं. पाचव्या दिवशी रुचिता त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "बाबा, तू रडला पण न्हायस." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तेव्हापासून फोन आठवड्याला एक झाला. तिला सांगण्यासारखं एकच उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि ते दिलं असतं तर तिची उभी राहायची जागाच गेली असती.

प्रणाली परत आली. तिच्या आवाजात अवघडलेपण होतं, कारण आता तिला काम सांगायचं होतं. "काका, चोवीस नोव्हेंबरनंतरचे सहा हजार कण आहेत. तुम्ही परत बघाल का? प्रोग्राम करेल, पण माणसाच्या डोळ्यानं एकदा झालेलं असावं असं मला वाटतं. घाई नाही." मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं त्याला सकाळची एक क्लिप दाखवली. कण अर्ध्या वाटेत आला होता आणि लहान व्हायचा थांबला होता, नुसताच वर चालला होता. "हा बघा. फुटायला ऊब लागते, ती तो आजूबाजूची आणि स्वतःचीच खातो. मग इतका गार पडतो की फुटणंच थांबतं. वरून कडक, आत सगळं तसंच्या तसं." दयाराम म्हणाला, "बरं." ती गेल्यावर त्यानं चोवीस नोव्हेंबरची पहिली क्लिप लावली. कण तळातून सुटला, डगमगला, वर निघाला. बुडबुड्यांची माळ मागं राहिली. दयारामनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. कण बारीक झाला, मळकट ठिपका राहिला, आणि मग त्याची कड लखलखली. संपला. डोळ्याला अगदी स्वच्छ दिसलं. बोट बटणावर होतं आणि बोट हललं नाही. बुडबुडा वर गेला, आणखी वर गेला, मग बोटानं दाबलं. फ्रेम मोजल्या तर सतरा. दुसऱ्या कणाला बावीस. म्हणजे डोळा अधू झाला नव्हता. डोळा वेळेवर सांगत होता; बोट म्हणत होतं, हाय, अजून हाय, येऊ दे तिला.

हे कळल्यावर तो खुर्चीला टेकला. सहा हजार वेळा. सहा हजार वेळा त्यानं तेच केलं होतं, आणि पगार घेतला होता. त्याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. कण काही कुणाचे आईबाप नव्हते. पण बुधाजी होते. बुधाजी शनिवारपर्यंत थांबणार, कारण गोदू थांबली होती. या एका कारणावर सुजित तिकडं क्रेनवर चढून बसला होता. दयारामला तीन दिवसांनंतरचं चौलचं घर दिसलं: पडवीत पांढरं कापड, सुजित बॅग घेऊन दारात, आणि रुचिता त्याच्याकडं बघतेय. बाप पोराच्या हातचं पाणी न घेता जाईल, आणि सुजित जन्मभर म्हणेल, मी निघणार होतो, हिनं सांगितलं थांबतील. त्यानं आधी सोपी वाट धरून पाहिली. सुजितला फोन लावला. मागं लोखंडाचा खणखणाट होता. "जावईबापू, जमलं तर आजच निघा. म्हातारं माणूस, काय सांगावं." सुजित धीर दिल्यासारखा हसला. "अहो बाबा, शनिवारी फिक्स येतोय. रुचिता बोलली ना, थांबतात. आणि तुम्हीच असं बोलता? तुमच्याच घरात झालंय की." दयारामनं फोन खिशात ठेवला. स्वतःचंच घर साक्षीला उभं राहिल्यावर पुढं काय बोलणार? त्यानं अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि एसटी धरली.

पेण गेलं. वडखळ नाका आला तेव्हा गाडी बराच वेळ उभी राहिली, आणि दयाराम खिडकीतून बघत राहिला. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, टायरचं दुकान, डोक्यावर काकड्यांची पाटी घेतलेली बाई. इथंच कुठंतरी रिक्षात बसून रुचितानं विचारलं होतं, आई हाय ना. त्यानं मनातल्या मनात खरं उत्तर म्हणून पाहिलं. न्हाय, रुचे. गेली आत्ता. मग ती या टायरच्या दुकानासमोर रडली असती, रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली असती, त्या काकडीवालीनं पाणी दिलं असतं. इतकंच झालं असतं. जग काही बुडालं नसतं. हे त्याला अकरा महिने सुचलं नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन मांडीवर पडलं होतं. अलिबाग मागं पडलं, रस्ता अरुंद झाला, दोहीकडं वाड्या सुरू झाल्या, आणि सुपारीच्या झाडांखालची सावली गाडीत शिरली.

बुधाजी पडवीत खाटेवर होते. एके काळी सुपारीच्या झाडावर चढून एकावरून दुसऱ्यावर झेप घेणारा गडी, जीभ त्याहून चपळ. लग्नाच्या बोलणीत त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या व्याह्याला विचारलं होतं, "मिठागरवाले याही, पोरगी गोड हाय ना? तुमच्याकडं खात्री न्हाय." आता त्या माणसाची खाटेवर नुसती घडी होती. डोळे मिटलेले. दयाराम उभ्या उभ्या बघत राहिला. श्वास आला. मग जागा रिकामी राहिली. मग श्वास आला. ती रिकामी जागा त्यानं न मोजता मोजली. उद्याची संध्याकाळ, फार तर. शनिवार नाही. तो घरातून मागच्या दारी गेला. रुचिता चुलीपाशी बसून पेज ढवळत होती. त्याला बघून ती दचकली, मग खूश झाली, मग खूश झाल्याचं तिनं आवरलं. "बाबा? न सांगता कसा आलास?"

"रुचे, सुजितला आत्ता बोलव."

"अरे तो शनिवारी—"

"आई थांबली नव्हती."

तिची पळी ढवळायची थांबली. दयारामनं उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो तर राहून जाईल असं त्याला वाटलं. "तू वडखळवरनं फोन केलास, त्याच्या आधीच गेली व्हती. तीन वाजून दहा मिनटांनी. मी हाय म्हटलं."

पेज उतू गेली. निखाऱ्यावर चर्र झालं आणि दोघांपैकी कुणी पातेलं उतरवलं नाही. "मी पाणी पाजलं," रुचिता म्हणाली.

"व्हय."

"ते गेलं न्हाय?"

"न्हाय."

तिनं पळी खाली ठेवली. फार हळू ठेवली. "अकरा महिने मी सगळ्या जगाला सांगत फिरतेय, बाबा. इथं आजूबाजूला कुणाचं म्हातारं आजारी पडलं की मी जाऊन सांगते, थांबतात, माझी आई थांबली." आवाज चिरकला. "तू मला फोनवर सांगायला पायजे व्हतं. मी रिक्षात रडले असते. रडू द्यायचं मला. माझी आई व्हती ती." तिचं खरंच होतं. ती उठली, कोनाड्यातला फोन घेतला आणि त्याच्याकडं पाठ करून सुजितला लावला. "आत्ता निघ. शिप गेली खड्ड्यात. आत्ता म्हंजे आत्ता, मिळेल ती गाडी धर. न्हाय, मी सांगते म्हणून. न्हाय रे, न्हाय थांबत! कुणीच कुणासाठी थांबत न्हाय. माझी आई पण न्हाय थांबली." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "ते तू आल्यावर सांगते. निघ."

तिनं फोन कोनाड्यात परत ठेवला. वाडीत कुठंतरी झावळी पडली. मग ती वळली. तोंड भिजलेलं होतं, ते पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"मग ती चाळीस मिनटं तू काय करत व्हतास?"

हे त्याला कुणी विचारेल असं कधी वाटलंच नव्हतं. "पाय चोळत व्हतो," तो म्हणाला. "ओटीवरनं बायका बघत व्हत्या. हात थांबला असता तर त्यांना कळलं असतं. आणि पाय गार पडत चालले व्हते, म्हणून मग जरा जोरानं चोळले."

रुचिता त्याच्या हातांकडं बघत राहिली. जवळ आली नाही. पातेलं उतरवून तिनं खाली ठेवलं, निखाऱ्यावर पडलेली पेज चिमट्यानं ओढून बाजूला केली. "जा आत," ती म्हणाली. "अण्णांपाशी बस. मी दुसरी पेज टाकते, सुजितचा फोन पण येईल. काय झालं तर मला हाक मार. लगेच, बाबा. आधी मला."

"मारीन."

तो पडवीत आला आणि बुधाजींच्या पायाशी बसला. दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं चादर जरा वर सारली आणि त्यांचे तळवे हातात घेतले. जन्मभर सुपारीच्या झाडांवर चढून टाचांना घट्टे पडले होते, भेगा होत्या, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. आणि पाय गरम होते. गरमच होते, हाताखाली घोट्याची शीर उडत होती, थांबत थांबत, पण उडत होती. दयाराम चोळायचं विसरला आणि नुसता धरून बसला. त्या उबेचं त्याच्या तळहातांना काय झालं कोण जाणे, ती मनगटातून वर चढली, आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला, माणसाचा वाटू नये असा. मग दुसरा. तो वाकला, कपाळ त्या दोन पायांवर टेकलं, आणि गोदू गेल्याचं रडू, तीन वाजून दहा मिनिटांचं, त्याला सगळंच्या सगळं आलं. खांदे गदागदा हलत होते. खाट कुरकुरत होती. आतून रुचिता धावत आली आणि दारात थबकली.

बुधाजींनी एक डोळा उघडला. बराच वेळ लावून तो त्यांनी पायाकडं वळवला.

"याही," ते म्हणाले. आवाज पानासारखा सुकलेला, पण खोड गेलेली नव्हती. "मी हाय अजून."